करियव्वाची हाक

करियव्वा जन्माची भित्री. आम्ही गोल्ल, गुरं राखणारे; आमच्या हट्टीतल्या, म्हणजे वाडीतल्या, बायका बिबट्याला काठीनं हाकलायच्या, आणि ही बाई ढग गडगडला तरी सासूच्या कांबळ्यात शिरायची. वीज, पाणी, पाहुणा, मेलीला सगळ्याचंच भय. भय नव्हतं ते फक्त बैलांचं. सुलतानाच्या तोफा ओढणारे ते बैल आमच्या रानात वाढायचे. शिंगं अशी, की परक्या माणसाची जवळ जायची छाती होऊ नये. करियव्वा संध्याकाळी "बाऽ, बाऽ" करायची की तेच बैल झाडीतून धावत यायचे आणि तिचे हात चाटायचे.

मग इंग्रज चालून आला. त्याचे बैल वाटेत पटापट मेले आणि मोठ्या तोफा चिखलात रुतून बसल्या. त्या श्रीरंगपट्टणाच्या तटापर्यंत न्यायच्या तर बैल हवेत, आणि बैल होते आमच्याकडं. हट्टीतले गडी सगळे पट्टणात, तटावर. करियव्वाचा नवरा ईरण्णाही तिथंच. कळप दडवायचं काम बायकांवर आलं, आणि बैल ऐकणार फक्त हिचं. थरथरत गेली बिचारी, ओढ्यापलीकडच्या दाट झाडीत कळप सोडून आली. बांधला मात्र एकही नाही. आमच्यात या बैलांना दावं लावत नाहीत. रानात बांधलेलं जनावर वाघाच्या तोंडी जातं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचे शिपाई हट्टीत घुसले. त्यांचा जमादार आपल्याच बोलीचा. त्यानं करियव्वाला पुढ्यात बसवलं.

"अव्वा, सुलतानाचे बैल कुठायत?"

"वाघानं खाल्ले."

"सगळे?"

"मोठा होता वाघ."

शिपाई खो खो हसले. जमादार म्हणाला, "आणि तुला बरं सोडलं?"

"माझ्या अंगात खायला काय आहे, अण्णा?"

थट्टा कसली सुचतेय तिला! दातावर दात वाजत होते, तोंडाला येईल ते बोलत होती.

जमादाराचं हसू मावळलं. "तुझ्या हाकेला येतात म्हणे. घाल हाक. नाहीतर झोपड्या पेटवतो."

हे त्याला कुणी सांगितलं ते मला विचारू नका, तोंडून शिवी जाईल.

करियव्वानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. हाक घातली तर बैल येणार, बैल आले तर तोफा तटाशी जाणार, आणि तटावर ईरण्णा. पहिली झोपडी पेटली ती सासूचीच. म्हातारी किंचाळली, "अगं सटवे, घाल की हाक!" मग सरकत सरकत जवळ आली आणि कानाशी पुटपुटली, "ऐकू नकोस माझं. माझं पोर आहे तिकडं. मिटून ठेव तोंड." करियव्वाला लघवी आवरेना, एवढी ती भ्याली होती. पण तोंड उघडलं नाही. झोपड्या जळून धुमसत राहिल्या.

दिवस कलला, हाकेची वेळ झाली. एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. रोजची हाक आली नाही, तर जनावर आपणहून शोधत निघतं.

झाडीतून केंचा बाहेर आला, कळपातला म्होरक्या. त्याच्यामागं बाकीचे दिसू लागले. धूर आणि परकी माणसं बघून ते झाडीच्या कडेलाच थबकले, कान टवकारून फुरफुरू लागले. अजून थोडं थांबले असते तर फिरलेही असते.

करियव्वानं बोळा थुंकला आणि जीव खाऊन ओरडली, "जा! माघारी जा रे! मारतील, पळा!"

असलं काही त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. आवाज तिचा होता, एवढंच त्यांना कळलं. केंचा धावत सुटला आणि त्याच्यामागं सगळा कळप. जमादारानं शिपायांना दोर काढायला सांगितले. करियव्वा ओरडतच राहिली, आणि ती ओरडेल तसतसे बैल तिच्याजवळ येत गेले.