केसांपायी ऑक्सिजनवर

मी ऑक्सिजनवर होतो, तेव्हा माझी तब्येत अगदी ठणठणीत होती.

गेले होते ते फक्त केस. नोकरीसाठी सोलापूरहून जयपूरला आलो तेव्हा भांग पाडायला जागा शोधावी लागायची; आता केस शोधावे लागत होते! मी इथल्या खाऱ्या पाण्याला दोष देत असे. (त्याच पाण्याने न्हाणाऱ्या माझ्या बायकोची, वैशालीची, वेणी कमरेपर्यंत पोचते, हे मी सोयीस्करपणे विसरत असे.)

शेवटी गुपचूप एका डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी भिंगातून डोकं पाहिलं.

"घर में और कोई गंजा है?"

"मामा," मी कबूल केलं. "पूर्ण."

"तो ये खानदानी है. ऊपर से टेन्शन, कम नींद, आयर्न भी कम. दवा लेनी पड़ेगी. ऑक्सिजन थेरपी सिर्फ सहारे के लिए, अकेले उससे बाल नहीं आएँगे."

त्यातलं मला 'ऑक्सिजन' आणि 'बाल आएँगे' एवढंच ऐकू आलं.

बंद नळकांड्यात आडवं व्हायचं आणि ऑक्सिजन ओढायचा, असा तो प्रकार. वैशालीला 'योगवर्गाला जातो' अशी थाप मारली. पण एका शनिवारी तिचं ऑफिस होतं, म्हणून सहा वर्षांच्या लेकीला, सईला, बरोबर न्यावं लागलं. "मम्मीला सांगायचं नाही," असं कुल्फी देऊन बजावलं. आजीला सांगायचं नाही, हे राहून गेलं!

संध्याकाळी सोलापूरहून आईचा फोन आला, तो सईने घेतला.

"आजी, पापांना ऑक्सिजन लावला! मतलब, पेटीत ठेवलं होतं!"

मी धावत जाऊन फोन हिसकावला. पलीकडे आईचा रडवेला आवाज. "काय झालंय रे तुला?"

तेव्हाच खरं सांगितलं असतं तर! पण तिच्या शेजारी मामा खोकलेला ऐकू आला आणि माझी जीभ अडखळली.

"किरकोळ आहे गं."

"किरकोळाला ऑक्सिजन लावतात?"

"अगं, डॉक्टर म्हणाल्या, खानदानी आहे. जे गेलं ते गेलं, उरलंय तेवढं तरी वाचवू."

पलीकडे हुंदका. फोन बंद.

सोमवारी, पुढच्या खेपेला, मी नळकांड्यात पडलेला असताना वैशालीला ऑफिसात आईचा फोन आला. पुण्याहून विमानाने आई आणि मामा इथल्या सांगानेर विमानतळावर उतरले होते! "त्याला कुठल्या दवाखान्यात ठेवलंय?" आईने विचारलं. "कोणाला?" वैशाली म्हणाली. मग सईची उलटतपासणी झाली आणि सगळी वरात तिथे धडकली.

माझ्या नळकांड्याच्या काचेपलीकडे आईचा चेहरा दिसला. आतला दाब हळूहळू उतरवल्याशिवाय दार उघडत नाही, म्हणून 'मी बरा आहे' असा हात हलवला. तिला वाटलं, मी निरोप घेतोय! तिने काचेवर डोकंच टेकलं.

दार उघडलं. आईने पदरातला अंगारा माझ्या कपाळाला लावला. फोन ठेवल्यापासून तिने अन्नाला शिवलं नव्हतं.

"आई," मी खाली बघत म्हणालो, "हे केसांसाठी आहे."

मग वैशाली सावकाश म्हणाली, "योगवर्ग!"

मामाने आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "भाच्या, मी जन्मभर असाच हिंडतोय की रे. मेलो का?"

आईने डोळे पुसले. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, पण ती म्हणाली, "वाचलास, बास झालं. आता नवस फेडायचा."

"कसला नवस?"

"तू यातनं उठलास तर तुझे केस तिरुपतीला वाहीन, असं बोललेय मी!"

गेलो. आईसमोर नाही म्हणायला तोंड होतं कुठे? रांगेतून पुढे सरकत न्हाव्यासमोर मान वाकवून बसलो. त्याने वस्तरा उचलला, माझं डोकं इकडून तिकडून न्याहाळलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं,

"साब, पहले दूसरे भगवान को दे के आया क्या?"