वैशालीचा इंग्रजी बंगला

वैशाली गेल्याचा फोन आला तेव्हा मी धसईच्या बाजारात भेंडी निवडत होते. "पोरी, आपली वैशू नाय राहिली गो..." तिचे वडील, आप्पा, एवढंच बोलले. मी निवडतच राहिले. भाजीवाली "ताई, बास ना?" म्हणाली तेव्हा हात थांबले. आजार माहीत होता, तरी... शाळेपासूनची मैत्रीण अशी मध्येच उठून जाते याचा मला अजून राग येतो.

वैशाली वास्तुविशारद होती. मुंबईत कामाला तोटा नव्हता, पण बाईसाहेबांचा जीव अडकला होता आमच्या गावाबाहेरच्या बंगल्यात. कुणा गोऱ्या इंजिनियरने विलायतेतल्या जमीनदारांची जुनी घरं आठवून तो तानसा धरणाच्या बाजूच्या रानात बांधला. उतरतं छप्पर, दोन टोकदार तिकोनी दर्शनी भिंती, दगडी चौकटींच्या उंच खिडक्या आणि धुराडी! वैशाखात अंगाची लाही होते तिथे साहेबाने खोलीखोलीत शेकोटी केलेली. मी हसायचे. "हसू नकोस," ती म्हणायची, "हा मधला दिवाणखाना बघ. त्यांच्याकडे पूर्वी अशा दालनात मालक नि गडी एकत्र जेवायचे. मग मालकांना वेगळ्या खोल्या लागायला लागल्या. घराचा नकाशा वाचला की माणसं कळतात." दगड इथलाच काळा, लाकूड सागाचं, सांधे आणि गिलावा चुन्याचा. तिला ते घर निम्मं आपलंच वाटे. बंगला आता गावाच्या ताब्यात होता आणि तिथे पाड्यांवरच्या मुलींसाठी वसतिगृह करायचं तिने ठरवलं होतं.

त्यासाठी ती स्वतः चुना भिजवायची, गुळाचं नि बेलफळाचं पाणी घालून मळायची. हातांची सालटी निघायची. आप्पा वैतागायचे. "आगो, सिमेंट मार ना! आठ दिसांत मोकली होशील."

"आप्पा, ही भिंत पावसात पाणी पिते नि उन्हात सोडते. सिमेंट मारलं तर पाणी आतच कोंडेल. चुन्याचा भुगा होईल, भिंत बसेल."

आप्पा मान डोलवायचे. लेकीचं बोलणं त्यांना गोड लागायचं, पण डोक्यात काही शिरायचं नाही. तिची अर्धी भिंत झाली आणि ती अंथरुणाला खिळली.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी आप्पांचा पुन्हा फोन आला. "ये, बंगला बघाया ये. गावानं वैशूचं काम पुरं केलंय." मी किती आनंदाने निघाले! जाऊन बघते तर... सगळा बंगला आतून बाहेरून सिमेंटने लिंपलेला. वर पिवळसर ऑइल पेंट. पाऊस आत येऊ नये म्हणून धुराड्यांवर लाद्या बसवलेल्या. कापणी बाजूला ठेवून माणसांनी गोणी डोक्यावरून चढवल्या होत्या, कुणी मजुरी घेतली नव्हती. दारात रांगोळी, दिवाणखान्यात तिचा हार घातलेला फोटो. कुणाला काय बोलणार?

तिच्या एका सहकाऱ्याला मी गुपचूप फोन केला. सिमेंट काढायला गेलात तर दगडाचे पापुद्रे सोबत निघतील, म्हणाला. ठेवलं तरी मरण, काढलं तरी मरण. तीन-चार पावसाळे, मग मुलींना त्या छपराखाली झोपवायची कुणाची छाती होणार? तिचं सगळं संपलं. ती गेली तेव्हा एवढी हतबल मी नव्हते.

वैशालीची एक सवय होती. बंगल्यात शिरली की आधी उंबऱ्याशी भिंतीवर तळवा टेकवायची, ताप बघतात तसा, आणि मगच पुढे जायची. मी दारात अडखळले तसे आप्पा म्हणाले, "तुला ठाव हाय ना, ती कशी हात लावायची? लाव की. आता नाय पडायची ही भिंत."

मी तळवा टेकवला. गार, गुळगुळीत... आतलं काहीच हाताला लागेना.

"आवडलं असतं ना गो तिला?" त्यांचे डोळे भरून आले होते.

"हो आप्पा," मी म्हणाले.