आधी पाठ बघणारी सुकटवाली

आमची सुकटवाली आजारी माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी पाठ बघायची. ताप किती चढला, गोळ्या कुठल्या दिल्या, हे तिच्या गावीही नसे. "ताप डाक्तर काढल गो, पन कातडी कोन बगनार?" असं म्हणत ती सुक्या मासळीची पाटी ओट्यावर उतरवायची. तिचं नाव मला कधी कळलं नाही. मीही विचारलं नाही. मी तिला मावशी म्हणायचे.

हे साठ सालानंतरच्या दशकातलं, त्याच्या शेवटाकडचं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि आमचे हे तिथे फिटर म्हणून लागले होते. साताऱ्याकडचं गाव सोडून आम्ही बोईसरजवळ चाळीतल्या दोन खोल्यांत आलो. हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. नवापूरहून ही बाई सुकट, बोंबील घेऊन चाळीत आली की त्या नाकाला पदर लावायच्या आणि ती गेल्यावर ओट्यावर पाणी टाकायला लावायच्या. पाणी मी टाकायचे. सुकटवाली वळून बघायची आणि पुढच्या दारी जायची.

तिच्या कमरेला लुगड्याच्या ओच्यात कोकमतेलाचा एक घट्ट गोळा कायम असायचा. तापानं ओठ फुटले की तो गोळा हातावर चोळून ओठांना. टाचांना तोच. कांजिण्यांची खपली धरली की कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी. ताप उतरला की तोंडाला तांदळाचं धुवण. मला हिवतापातून उठल्यावर तिनं ते धुवण लावलं होतं, थंडगार. आजारपणातली चांगली आठवण म्हणाल तर माझी तेवढीच आहे. चाळीतल्या बायका तिच्याकडून मासळी घेत आणि हे सगळं फुकटात करवून घेत.

मग एका सकाळी सासूबाई मोरीत पडल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा हलायचा. डॉक्टर म्हणाले, आता असंच. माणसं विचारतात, तुम्हाला तेव्हा काय वाटलं? खरं सांगते, काही वाटलं नाही. मी उठायचे, धुणं धुवायचे, त्यांना भरवायचे, पुसायचे, पुन्हा धुणं धुवायचे. सोड्यानं माझे हात फुटले होते, तेही मला कळत नव्हतं.

सुकटवालीला कळलं तशी ती दारात येऊन उभी राहिली. "राख दे," म्हणाली. राखेनं कोपरापर्यंत हात घासले, कागदी लिंबाची पानं मागून घेतली, ती चुरगाळून तळव्यांना चोळली, मासळीचा वास राहिलाय का हुंगून बघितलं, पुन्हा चोळली. मगच आत आली. सासूबाईंना कुशीवर केलं आणि मला पाठ दाखवली. माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग होता.

"त्यांना काही कळत नाही हो," मी म्हणाले.

"तिला नाय कलत. कातडीला कलते."

नंतर तिनं मला शिकवलं ते असं. गोधडीला एक चुणी राहता कामा नये. खाली जुनं, मऊ झालेलं लुगडं. खोबरेल कोमट करून पाठीला, पण दाबून नाही. आणि कूस बदलायची, सारखी बदलायची. मी भोंग्यावर बदलत होते. बांधकामावरचा पाळीचा भोंगा झाला की उजवी कूस, पुढचा झाला की डावी. मला ते फार शहाणपणाचं वाटत होतं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आमी वालूवर मांदेली सुकत टाकतो, तर कितींदा परततो ठावं हाय? भोंग्याची वाट बगत बसलो तर एका अंगानं सडंल सगली." सासूला मांदेलीच्या पंक्तीला बसवलं म्हणून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पण त्या दिवसापासून दुधाचं भांडं तापवलं की परत, भात लावला की परत, असं मी परतत राहिले.

ह्यांना हे ठाऊक नव्हतं. एकदा पाळी बदलून लवकर घरी आले, तर सुकटवाली आईची पाठ चोळतेय. ती गेल्यावर म्हणाले, "आईनं जिच्यामागून दरवेळी पाणी टाकायला लावलं, तिला तू आईच्या अंगाला हात लावू देतेस? आईला बोलता येत नाही म्हणून?" ते खोटं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मावशीला दारातूनच सांगितलं, येऊ नका. ती बरं म्हणाली. ओच्यातला गोळा काढून माझ्या हातावर ठेवला आणि गेली.

तीन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी मी दुपारी भिंतीला टेकले ते दिवेलागणीलाच उठले. कूस बदलायची राहिली. डाग फुटला. मी गोळा घेऊन लावायला बसले, तर सासूबाईंनी डाव्या हातानं तो ओढून घेतला आणि मुठीत धरला. सोडेनात. रात्र गेली, सकाळ झाली, तेल वितळून मनगटावरून वाहू लागलं, तरी मूठ सोडली नाही. ह्यांनी बोटं उघडायचा प्रयत्न केला. सासूबाईंनी तो हात नाकाशी नेला, लेकाकडे बघितलं आणि दाराकडे बघितलं.

हे उठले. पायात चपला सरकवल्या आणि सायकल काढून नवापूरला गेले. दुपारी मावशी आली. राख, लिंबाची पानं, सगळं पहिल्यासारखं. पाठ बघून मला म्हणाली, "निजलीस ना गो?" मी मान हलवली. एवढंच. कडुलिंबाच्या पाण्यानं धुऊन, तेलात हळद घालून तिनं ती जखम दीड महिन्यात भरून आणली. घायपाताच्या दोरासारखे तिचे हात होते, पण सासूबाई तिच्या हाताखाली डोळे मिटून पडायच्या.

त्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. सकाळी चहाच्या वेळी, गडबड न करता. चाळीतल्या बायका आंघोळीचं पाणी तापवत होत्या आणि मी कोपऱ्यात उभी होते. मावशी तिच्या नेहमीच्या वेळेला आली. पाटी लांब रस्त्यावरच ठेवली. हात घासले, पानं चोळली. आता ते कुणाला हवं होतं? पण तिनं केलं. मग सासूबाईंना कुशीवर करून पाठीवरून तळवा फिरवला आणि ह्यांना हाक मारून दाखवलं.

"बग बाबा. एक फोड नाय. तुजी आई सगली नीट चालली हाय."

हे तिच्या पाया पडले.

सगळं आटपल्यावर ती माझ्याकडे वळली. माझे हात उलटे केले, सुलटे केले, आणि वाटीत उरलेलं हळदीचं तेल भेगांत भरायला लागली.

"झोंबतंय?"

झोंबत होतं. किती महिन्यांनी मला काहीतरी लागत होतं. मी हो म्हणाले आणि रडायला लागले.

"मंग बरं हाय," ती म्हणाली आणि दुसरा हात मागितला.