दौलतजींचं अर्धं बोट

आमच्या घरी लिंबू वरणावर पिळायला आणतात, दाराला टांगायला नाही. शिवाय मी इंजिनिअर. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा... पण हे घडलंय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, प्रोग्राम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून, म्हणजे पंच कार्डांवरून, चालवायचे ते शेवटचे दिवस. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी कॉम्प्युटरवर जिगचं काम करत होते. जिग म्हणजे पाण्याची मोठी पेटी. पाणी सारखं वर-खाली उसळतं, मँगनीजचे जड दाणे तळाशी बसतात, हलका दगड वरून वाहून जातो. माझा प्रोग्राम हेच आकड्यांत करायचा आणि पेटीतले थर कागदावर छापायचा. जड दाणा म्हणजे चांदणी, हलका म्हणजे टिंब.

खरी जिग कन्हानच्या पुढे एका छोट्या प्लांटवर होती. ती दौलतजी चालवायचे. त्यांची उजवी तर्जनी अर्धीच, मशीनच्या पट्ट्यात गेलेली. तासातासाला कोपरापर्यंत हात घालून ते थर चाचपायचे.

"बारीक माल वरच अडकून राहिला, म्याडम."

मी छापलेला कागद पुढे केला. "माझ्या प्रोग्राममध्ये तर सगळा खाली बसतोय."

"तुमचं मशीन पाण्यात हात घालते का?" ते हसले. मग हळूच म्हणाले, "या कागदापायी मले त नाही काढणार ना?"

"छे हो, काहीतरीच!"

आणि रिपोर्टात मी लिहिलं — थर हाताने तपासायची गरज नाही. आपलं नाव व्हावं, एवढंच डोक्यात होतं. महिन्याभरात त्यांना घरी बसवलं. मला कळलं होतं... तरी भेटायला गेले नाही.

पुढे एकदा साहेबांना दाखवायला तीच कार्डं पुन्हा चालवली. सकाळचे अकरा वाजले असतील. प्रिंटर खडखडून थांबला. कागदावर चांदण्या-टिंबांच्या वरच्या थरात बोटांसारख्या पाच कोऱ्या जागा उतरलेल्या. अंगठ्याशेजारची अर्ध्यातच संपलेली. रिबन खराब म्हणावी, तर आजूबाजूचं सगळं ठळक. लगेच पुन्हा चालवलं, तर पान नेहमीसारखं भरून आलं.

दुपारच्या बसने कन्हानला दौलतजींचं घर गाठलं. दारात त्यांची बायको होती.

"ते त परवाच गेले, म्याडम. घरी बसल्यापासून बादलीत हात घालून राहत. काहून म्हटलं, त म्हणे, 'चूप राय वं, माल वाहून राहिला.'"

मी कागद उलगडला. तिने त्यावर तळवा ठेवला, अर्ध्या बोटाशी थांबली. "हा त्यायचाच हात हाये." कागद तिने मागितला. मी देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी जिगमधून नमुने काढायला लावले. कागदावर बोटं जिथवर उतरली होती, तिथेच बारीक मँगनीज अडकलं होतं आणि दगडाबरोबर वाहून जात होतं. चूक माझ्या प्रोग्रामची होती. मी नवा रिपोर्ट लिहिला, त्यात त्यांचं नाव घातलं. ते वाचायला ते नव्हते.

तो कागद कसा छापला गेला, हे मला आजही सांगता येत नाही. मी "छे हो" का म्हटलं, ते मात्र मला चांगलं ठाऊक आहे.