सासऱ्यांचा चाकू मी तपासला तेव्हा

मी एकदा दहिवडीहून सांगलीपर्यंत उघडा चाकू घेऊन एसटीनं आलो आहे.

घरात लग्न असो, बारसं असो, ही गोष्ट कुणीतरी काढतंच, आणि दर वेळी तो चाकू वाढत जातो. (मागच्या लग्नात तलवारीएवढा झाला होता.) ऐकून ऐकून मी दमलोय. म्हणून एकदाच, जसं घडलं तसं सांगून टाकतो.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागं पडला होता. मी कुपवाडच्या एका लहानशा कारखान्यात पंपाचे सुटे भाग तपासायला होतो. भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि 'पास' किंवा 'नापास' म्हणायचं, एवढंच काम. पण माण तालुक्यातल्या माझ्या सासरवाडीत त्याचा अर्थ 'जावई म्हंजे लोखंडाचा डाक्टर' असा झाला होता, आणि खरं सांगायचं तर तो गैरसमज मी कधी दूर केला नव्हता.

सासरे निवृत्त सुभेदार. त्यांच्याकडं एक विलायती घडीचा चाकू होता. शिंगाची मूठ, चार बोटं पातं. फौज सोडताना त्यांच्या साहेबानं स्वतःच्या खिशातून काढून दिलेला. पातं उघडलं की मुठीच्या पाठीवरच्या पोलादी पट्टीचा दात पात्याच्या बुडातल्या खाचेत पडायचा, 'टक्' आवाज यायचा, आणि मग पट्टी दाबल्याशिवाय चाकू मिटायचा नाही. सुभेदारांना त्या 'टक्'चा अभिमान पेन्शनीपेक्षा जास्त होता.

एका रविवारी मी आणि माझी बायको सुशीला तिकडं गेलो असताना त्यांनी तो माझ्यापुढं ठेवला. मेहुणा बाळू फौजेत भरती झाला होता. चार दिवसांनी मिरजेहून त्याची गाडी होती.

"पाव्हणं, ह्यो बाळूला द्यायचाय. लॉक नीट बसतंय का तेवढं बघा. पोराला दगा नगं द्यायला."

त्या वेळी 'उत्तम आहे मामा' म्हणून जेवायला उठलो असतो, तर आज माणसात असतो. पण अंगणात पाच-सहा माणसं बसली होती. मी चाकू उघडला, उजेडाकडं धरला, एक डोळा मिटला. दाताखाली, खाचेच्या तळाशी, केसभर फट!

"मामा, लॉक पुरतं बसत नाही."

"आं? वीस वरसं वापरतोय. कवा मिटला न्हाई."

"आजवर नाही मिटला. उद्या मिटेल. बोट जाईल बाळूचं."

बाळूनं आपली बोटं एकदा मोजल्यासारखी पाहिली.

"मग करा की नीट!" सुभेदार म्हणाले.

(तपासणारा वेगळा आणि दुरुस्त करणारा वेगळा, हे कारखान्यात शिपायालाही ठाऊक असतं. अंगणात कुणाला नसतं.)

शेजारच्या सुताराकडून कानस आली. मी दात दोन्ही अंगांनी घासायला बसलो. सुशीला दोनदा येऊन म्हणाली, "आवं, जेवण निवतंय. ठेवा ती कानस." तिसऱ्यांदा नुसती येऊन बघून गेली. मी घासतच होतो. शेवटी पातं उघडलं, तर 'टक्'च्या जागी 'खट्ट' झालं! दात पार तळाला टेकला. फट गायब. तरी खात्री असावी म्हणून मी वर वरवंट्याचा एक ठोका दिला.

"घ्या मामा! आता हत्ती बसला तरी मिटणार नाही."

हे मात्र शब्दशः खरं ठरलं. सुभेदारांनी पट्टी दाबली, मिटेना. बाळूनं दाबली, मिटेना. तालमीतला एक गडी दोन्ही अंगठे लावून लालबुंद झाला. मिटेना!

"पाव्हणं," सुभेदार फार शांतपणे म्हणाले, "मिटत न्हाई त्यो घडीचा चाकू कसला? सुरा म्हनत्यात त्येला."

'कारखान्यात नेऊन नीट करतो, मिरजेला गाडीवर आणून देतो,' असं कबूल करून मी निघालो. सुशीलानं चाकू पंच्यात गुंडाळून कापडी पिशवीत घातला. मायणीच्या पुढं एका खड्ड्यात एसटी आदळली आणि पातं पंच्यातून, पिशवीतून थेट शेजारच्या म्हातारीच्या गाठोड्यात शिरलं. ज्वारी भळाभळा गाडीभर!

"आगं बाया! माजी ज्वारी!"

दुष्काळ बघितलेली माणसं ती. सगळी गाडी खाली वाकून दाणा दाणा वेचायला लागली. कंडक्टर माझ्यावर येऊन उभा राहिला.

"काय हाय पिशवीत?"

"चाकू."

"मिटवा की मग."

"मिटत नाही. लॉक बसलंय."

"बसलंय तर उगडा!"

"उघडाच आहे हो!"

चाकू हातोहात मागच्या बाकापर्यंत जाऊन आला. सोबत सल्ले आले. 'राकेल घाला.' 'चुलीत घाला.' 'हिरीत घाला.' कंडक्टर म्हणाला, "असलं नागडं हत्यार माज्या गाडीत चालायचं न्हाई. येक तर त्यो उतरंल, न्हाईतर तुमी." शेवटी त्या म्हातारीनंच पिशवीतून एक भोपळा काढला.

"खुपस ह्याच्यात, मुडद्या. आन गप बस."

सांगलीपर्यंत मी मांडीवर भोपळा आणि भोपळ्यात चाकू घेऊन बसलो. म्हातारी आणि सुशीला दोघीही पुढच्या बाकावर सरकल्या; माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. घरी पोचलो तर घरमालकीण दारातच किंचाळली, "अगं सुशीला, कुणावर करणी करून आलात गं?" पुढं महिनाभर तिनं आमच्याकडं विरजण मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात म्हाताऱ्या मिस्त्रींनी भोपळ्यातून चाकू उपसला, दात निरखला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"साहेब, ह्यो दात तळाला टेकवायचाच नसतोय. खाली जागा ठेवत्यात, वरसानुवरसं झिजला की उतरायला. पन्नास वरसांची झीज तुमी येका दुपारात उडवली!"

त्यांनी तेल सोडून, हलके ठोके देऊन चाकू मिटवला. पण उघडल्यावर पातं आता खुळखुळ्यासारखं हलत होतं. बिचाऱ्यांनी दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून नवी पट्टी घडवली. दात पुन्हा केसभर वर ठेवला. मी शेजारी नुसता उभा होतो. कानशीला हात लावला की ते खाकरत.

मिरजेच्या फलाटावर सुभेदारांनी चाकू कानाशी धरून उघडला. टक्! त्यांचे डोळे भरून आले. बाळूच्या हातात चाकू देऊन त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"ब्येस! कुनी केलं?"

मी नम्रपणे मान खाली घातली आणि तोंड उघडणार, एवढ्यात सुशीला म्हणाली, "कारखान्यातल्या मिस्त्रींनी."

"तरीच," सुभेदार म्हणाले.

पंधरा दिवसांनी बाळूचं पत्र आलं. चाकू पहिल्याच दिवशी कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी काढून घेऊन कपाटात ठेवला होता. रंगरुटाला चाकू चालत नाही म्हणे, ट्रेनिंग संपल्यावर मिळेल! एवढी यातायात त्या एका कपाटासाठी. खाली चार ओळी माझ्यासाठी होत्या.

"दाजी, उस्तादांना लॉक लय आवडलं. कुणी बसवलं म्हणून विचारत होते. तुमचं नाव सांगायचं फार मनात होतं. पण इथं खोटं बोललं की मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावतात."