दहावीचा पेपर आणि दवाखान्याचा कागद

मी चौथी शिकलेला, उमेदीची वर्षं मिठागरावर घालवलेला माणूस. तरी डॉक्टरीणबाईंना तोंडावर म्हणालो, "हा कागद मला मान्य नाही."

नौपाड्यातला दवाखाना. चपला बाहेर काढायच्या, आत सगळे हळू बोलतात. मीच तेवढा मोठ्याने. शेजारी माझी नात, सोळा वर्षांची, मोबाइलमध्ये मान घालून.

कागदावर इंग्रजीत आजाराचं नाव होतं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. ते मला तिनेच वाचून दाखवलेलं, आदल्या आठवड्यात, कळव्याला परतताना रिक्षात. वर मराठीत सांगितलं, "म्हणजे माझा स्वभावच बिघडलेला आहे, आबा. पहिल्यापासून." रडली नाही. उलट निकाल लागल्यावर सुटल्यासारखी बसली. तेव्हापासून काही झालं की एकच. ताट आपटलं, "मी बॉर्डरलाइन आहे." मैत्रिणीशी भांडली, "मी अशीच आहे, लिहून दिलंय ना." आणि आता तो कागद कॉलेजात द्यायचा होता. अकरावीच्या वर्गात तिने एका मुलीची वही फाडली, तिथल्या बाईंना नातीच्याच मनगटावर ओरखडे दिसले, म्हणून तर त्यांनी दवाखान्यात पाठवलेलं.

त्या "पहिल्यापासून"मुळे मला झोप लागत नव्हती. दोन वर्षांची असल्यापासून ती आमच्याकडे. तिचा बाप, म्हणजे माझाच मुलगा, कल्याणला दुसरा संसार थाटून बसलाय. आई गेली ती फिरकली नाही. पोर तापट होती, खोटं का बोलू. पण चिडली की आजीच्या पदरात तोंड खुपसायची आणि जरा वेळाने भाकरी मागायची. स्वतःला ओरबाडणारी नव्हती.

डॉक्टरीणबाई भली होती. म्हणाली, "आजोबा, नाव लिहिलं नाही म्हणून त्रास जात नाही. लवकर ओळखलं तर लवकर मदत मिळते. कितीजण माझ्याकडे चाळिशीत येतात आणि विचारतात, आधी कुणी का नाही सांगितलं?"

"मदत द्या ना! रोज बोलवा, रोज आणतो. पण सोळाव्या वर्षी स्वभावाचा दाखला कसला देता? मिठागरात पाण्यावर पहिली साय धरते, तेव्हा मीठ पांढरं निघेल का मातकट, ते आमचे म्हातारेसुद्धा सांगायचे नाहीत. घाई करून ओढलं तर चिखलच हाती यायचा."

"आबा, झालं मिठागर सुरू," नात मोबाइलमधूनच म्हणाली. "मॅडम, भाजीत मीठ कमी पडलं तरी आम्हाला हेच ऐकावं लागतं."

बाई हसली. मग वही जवळ ओढून म्हणाली, "बरं. कागद बाजूला ठेवू. हे सगळं नक्की कधीपासून सुरू झालं?"

मागच्या खेपेलाही तिने हेच विचारलेलं. तेव्हा मी म्हणालेलो, "लहानपणापासून तापटच आहे." मीच. तिने माझ्याच शब्दावर लिहिलेलं. खरं सांगायची लाज वाटली होती.

या वेळी सांगितलं. मार्चमधली सकाळ, दहावीचा गणिताचा पेपर. बायको पहाटे झोपेतच गेली. आमच्या आळीतले जाणते जमले, म्हणाले, पोरीला कळू देऊ नका, वर्ष जाईल. मी मान डोलावली. बायकोच्या अंगावर चादर सारखी केली. पोरीला सांगितलं, आजीला बरं नाही, झोपू दे, आणि शेजारणीबरोबर मागच्या जिन्याने पेपरला धाडली. जाता जाता तिने आवाज दिला, "आजी, येते गं." मी आतून म्हणालो, "हो म्हणाली ती."

ऊन चढायच्या आत आम्ही बायकोला स्मशानात नेलं. पोर परतली तेव्हा घर धुतलेलं होतं आणि आजीच्या जागेवर दिवा लावलेला. कुणीतरी तिला विचारलंसुद्धा, पेपर कसा गेला?

दवाखान्यात नातीने मोबाइल मांडीवर पालथा घातला.

"'हो म्हणाली ती,'" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आबा, मी जिना उतरताना खूश होते. आजी जागी आहे म्हणून." मग ओरडलीच, "एक्क्याण्णव मिळाले मला गणितात! खोटारडे आहात तुम्ही. सगळे."

"आहे," मी म्हणालो. "हे लिहा, बाई. तिच्या कागदावर माझं लिहा."

बाईने आजाराचं नाव खोडलं नाही, पण कागद स्वतःकडे ठेवला. म्हणाली, "आत्ता निदान देत नाही. पुढे गरज पडली तर देईन, तेव्हा तुम्ही माझ्याशी भांडायचं नाही. दर मंगळवारी यायचं. दोघांनी."

"मला काय झालंय?"

"बायको गेलीय तुमची," ती म्हणाली.

कॉलेजातल्या बाईंनी विचारलं, आजार काय निघाला? म्हटलं, "पोरीला आजीचं तोंड बघू दिलं नाही आम्ही. याला इंग्रजीत काय म्हणतात ते तुम्ही बघा." नात बाही ओढत होती, "आबा, हळू बोला ना, सगळे बघतायत." बघू देत.

मंगळवारी जातो आम्ही. ताटं अजून आपटतात. पण आता ताट आपटलं की ती त्या आजाराचं नाव घेत नाही. म्हणते, "तुमच्यामुळे."

हे मला मान्य आहे.