ढोलीसमोरचं लपण

आकाराम सहसा फोन करत नाही. त्याच्या वाडीत रेंज नाही, माळावर चढून जावं लागतं. म्हणून कुपवाडला माझ्या घरी त्याचा फोन आला तेव्हा मी जेवता जेवता उठलो.

"गड्या, लांब काठी करायची हाय. बांबूला बांबू जोडून. मधी वाकाय नगं. मला एकट्याला जमंना."

"कशाला रं?"

"धनेशाची मादी ढोलीत उपाशी हाय. नर मेला तिचा. लवकर ये."

मी हत्यारांची पिशवी घेतली. सांगलीहून कराड, कराडहून पाटण अशा एसट्या बदलल्या आणि शेवटचा चढ पायी चढलो.

तरुणपणी आम्ही दोघं माधवनगरला मागांवर होतो. तिथलं काम सुटलं तसा मी कुपवाडला फिटर झालो आणि तो डोंगरात परत गेला. थोडं भात, थोडी नाचणी, बांधापलीकडं जंगल. पुढं पक्ष्यांचे फोटो काढणारी माणसं त्या भागात फिरू लागली, तेव्हा त्यांना भाड्यानं बसवायला आकारामनं ओढ्याकाठी लपण बांधलं. लपण म्हणजे आत बसून पक्षी बघायची खोपी. चार मेढी, वर गवत, भोवती हिरवी जाळी आणि समोर कॅमेरा बाहेर काढायला एक आडवी खिडकी. सोपं वाटतं. पण मेढ हलली की जाळी हलते आणि जाळी हलली की पाखरू उडतं. आकारामच्या मेढी हलत नसत. उन्हाळ्यात ओढा आटला की पाखरांसाठी खालच्या विहिरीचं पाणी तो खांद्यावरून वर न्यायचा. त्याबद्दल कधी बोलला नाही. खांद्याला पडलेला घट्टा मी बघितला म्हणून मला कळलं.

यंदा त्यानं दुसरं लपण बांधलं, एका जुन्या बेहड्यासमोर. बेहड्याला उंचावर ढोली होती आणि तीत धनेशाची मादी अंड्यावर बसली होती. ही मादी ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच निघेल एवढीच फट ठेवते. पिल्लू वाढेपर्यंत ती आत कोंडलेली आणि नर फळं आणून त्या फटीतून भरवतो. लपण आधी लांब होतं. विश्रामबागचा जिनेश, कापडाचा व्यापारी, आकारामचं जुनं गिऱ्हाईक. त्याला चोचीला चोच लागलेला फोटो हवा होता.

"काका, एवढ्या लांबून मजा येत नाही. जरा पुढं घ्या की," तो म्हणाला होता.

आकारामनं पुढं घेतलं. तोवर ढोलीतून पिल्लाचा आवाज येऊ लागला होता. जिनेश बसला त्या दिवशी नर एकदा आला, घुटमळला आणि उडून गेला. त्यानंतर दिसलाच नाही.

मी घरी पोचलो तर अंजना, त्याची बायको, दारातच होती.

"भावजी, त्यास्नी जरा सांगा. उजाडायच्या आत जात्यात, दिसायचं बंद झालं की येत्यात. भाकरी बांधून देते ती तशीच परत आणत्यात. विजेच्या तारंखाली सगळी घळ हुडकून आले, कुठं मेलेला नर घावतोय का म्हणून."

"घावला?"

"एक पीस न्हाई."

वर लपणात आकाराम खिडकीला डोळा लावून बसला होता. दाढी वाढलेली. मागं न बघताच म्हणाला, "आलास? बस. हलू नगं." मी बसलो. ढोलीतून चिरका, बारीक आवाज येत होता. थांबायचा, परत यायचा.

"जिनेशला इचारलं," तो कुजबुजला. "म्हणतो, नर गेला तर मादी लिंपण फोडून भायेर येती. पण ही येईना. पिल्लाला टाकून कशी येईल रं ती?"

आम्ही बांबू जोडले. दोन्ही तोंडं लांब तिरकी तासायची, एकावर एक बसवायची, तारेनं आवळायची आणि वर ओला काथ्या गुंडाळायचा. काथ्या सुकला की सांधा धरतो. सांधा चांगला झाला. शेंड्याला त्यानं काटे बसवले आणि काट्यांना उंबरं टोचली. ती उंबरं तो पहाटे झाडावर चढून काढायचा. या वयात.

काठी उभी करणं हेच खरं काम. माणसावर माणूस असे पाच उभे केले तर पोचतील एवढी ढोली उंच. खाली इंचभर हललं की वर हातभर हलतं. मान मागं टाकून, दोघांनी चार हातांनी काठी धरून शेंडा फटीजवळ नेला. फटीत चोच दिसत होती. शेंडा जवळ गेला तशी आत गेली. दोन उंबरं फटीच्या कडेला लागून खाली पडली.

"हात कापतोय तुझा," आकाराम म्हणाला.

"तुझा न्हाई व्हय? मुकादमानं बघितलं असतं तर दोघांनाबी गेटाभायेर काढलं असतं."

तो हसला नाही. "परत," म्हणाला.

परत आणि परत. खांद्यात पेटके आले की काठी आडवी करायची, उंबरं बदलायची, पुन्हा उभी करायची. चोच बाहेर आली नाही. दिवस मावळला तेव्हा बेहड्याखाली उंबरांचा सडा होता.

दुसऱ्या दिवशी ढोलीतला आवाज थकला होता. कान लावला तरच कळायचा. आकारामनं खिडकी सोडली नाही. आम्ही भाकरी घरीच विसरलो होतो. ती घेऊन अंजना वर आली, पण बराच वेळ आत आली नाही. मग मागची जाळी उचलली आणि हळूच म्हणाली, "आवं, तुमचा मेल्याला नर मागं हिरड्यावर बसलाय."

"कुठं?"

"तुमच्या डोक्याच्या मागं. मी खालनं बघतीया कवाधरनं. चोचीत फळ हाय. हिकडं येतो, खोपीपाशी आला की फिरतो, परत तिथंच जाऊन बसतो."

लपणाला खिडकी फक्त पुढं होती. आतून ढोली दिसायची, दुसरं काही दिसत नव्हतं.

"मेला न्हाई?" आकाराम म्हणाला.

"न्हाई. तुमाला भितोय."

आकाराम उठला आणि विळ्यानं जाळी फाडायला लागला. गवत ओढून काढलं. मेढीला मिठी मारून उपटायला लागला. त्यानंच पुरलेली मेढ, दगड ठोकून घट्ट केलेली. जागची हलेना. तो रडत होता की धापा टाकत होता, मला सांगता येणार नाही.

"ऱ्हाऊ द्या मेढी," अंजना म्हणाली.

"एक काडी ठेवायची न्हाई हितं."

"उपटत बसशीला तवर तो येणार हाय का? चला म्हणते न्हवं!"

तिनं त्याचा दंड धरून ओढला. आम्ही घळ ओलांडून समोरच्या उतारावर, करवंदीच्या जाळीआड जाऊन बसलो. तिथून ढोली अंगठ्याएवढी दिसत होती. बऱ्याच वेळानं नर आला. आधी बेहड्याच्या शेंड्यावर बसला, मग खालच्या फांदीवर, मग ढोलीच्या तोंडाला बिलगला. फळ फटीला लावलं. आतून चोच आली नाही. फळ पडलं. त्यानं गळ्यातून दुसरं काढलं. तेही पडलं. आकारामनं माझं मनगट इतकं आवळलं की बोटं बधिर झाली. पुढच्या फळाला चोच आली.

"घेतलं," अंजना म्हणाली. "घेतलं बगा."

अंधार पडेपर्यंत नर ये-जा करत होता. त्या रात्री आकाराम जेवला.

सकाळी आम्ही पुन्हा त्याच उतारावर गेलो. पिल्लाचा आवाज तेवढ्या लांब येणं शक्यच नव्हतं, तरी आकाराम कानामागं हात धरून बसला होता. ऊन चढल्यावर ढोलीच्या तोंडाचं लिंपण ढासळायला लागलं. मादी आतून चोच मारत होती. भोक मोठं झालं, ती बाहेर आली. शेपटीची पिसं झिजलेली. उडायला गेली आणि खालच्याच फांदीवर कोसळल्यासारखी बसली. नर शेजारी आला, तिला भरवलं. थोड्या वेळानं दोघं खालच्या दरीकडं गेली.

"आता दोघं मिळून पिल्लाला आणत्याली," आकाराम म्हणाला. पिल्लू आत जिवंत असलं तर आईबाप दोघंही ढोलीकडं फेऱ्या मारतात, हे त्यानंच मला सांगितलं.

आम्ही वाट बघितली. दुपार गेली. दरीतून त्यांचा आवाज एकदा आला, लांबून. ढोलीकडं कुणी आलं नाही. अंजनानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठली.

"चला."

"थांब की."

"आवं, न्हाई येणार ती आता."

"उजेड हाय अजून," आकाराम म्हणाला.

समोरचा बेहडा आता अंधारात मला दिसत नव्हता.